फोनी म्हणजे अंगठी

चष्मेवाल्याने अंगठी घेतली ती भर रस्त्यात. पुढे चाललेला एक सभ्य गृहस्थ अचानक वाकला, धुळीतून पिवळीजर्द अंगठी उचलली आणि म्हणाला, दोघांनी एकदमच पाहिली, तेव्हा निम्मी तुमची. वर, मला गाडी गाठायचीय, जमेल ते द्या नि सगळीच ठेवा, असंही म्हणाला. चष्मेवाल्याने खिसा रिकामा केला. दिवसभर लोकांची नजर तपासणारा माणूस, पण लग्नाचं डोक्यात शिरलं की समोरचं दिसेनासं होतं.

संध्याकाळी तो बाईंकडे गेला. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांची ओळख चष्म्याच्या नंबरावरून झाली होती आणि चष्म्याच्या काड्या सारख्या सैल होत राहिल्याने वाढली होती. जिना चढताना धीर यावा म्हणून त्याने अंगठी करंगळीत घालून पाहिली. ती बसली ती बसलीच.

हात खिशात कोंबून तो खुर्चीच्या कडेला टेकला. बाई पेपर तपासता तपासता हसत होत्या. एका पोराने लिहिलं होतं, लोक फोनवर थापा मारतात, म्हणून खोट्याला इंग्रजीत 'फोनी' म्हणतात.

"मग कशावरून म्हणतात?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

बाई खुलल्या. आयरिश भाषेत अंगठीला 'फॉन्या' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असावा, असं जाणकार मानतात. जुने भामटे मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात टाकायचे, सावज आलं की आपणच उचलायचे आणि निम्म्या वाट्याची गोष्ट काढून त्याच्या गळ्यात मारायचे.

"आणि लोक फसायचे?" त्याने हात खिशात आणखी खोल खुपसला.

"अजूनही फसतात म्हणे. तुमचा हात का हो खिशात?"

हात बाहेर आला. घामाने करंगळी हिरवी झाली होती. बाईंनी हसू दाबून पाहिलं, पण जमलं नाही. मग त्याला बेसिनपाशी नेऊन त्यांनी बोटाला साबण चोळला आणि अंगठी ओढली. ती सुटली आणि टुणकन थेट भोकात गेली.

जाऊ दे, असं तो म्हणाला, पण बाईंना ती उद्या वर्गात दाखवायची होती. तेव्हा तो पाना घेऊन बेसिनखाली उताणा झोपला आणि पाइप खोलू लागला.

"वर्गासाठी नव्हती आणली," तो पाइपाकडे बघत म्हणाला. "तुमच्यासाठी आणली होती. लग्नाचं विचारायला."

बाई त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"मला चालेल," बाई म्हणाल्या. "तो पाना द्या इकडे. उलटा फिरवताय तुम्ही."

अंगठी निघाली तेव्हा दोघंही चिंब भिजले होते.