बिनबजवणी

"बाबा, 'मिळून आला नाही' म्हणजे नक्की काय हो?"

मुलीने कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याचा घास हातातच राहिला. बत्तीस वर्षं कोर्टात बेलीफ म्हणून त्याने असलेच कागद दारोदार नेले होते आणि परत आणले होते, त्यामुळे हा वाचायची गरज नव्हती. तरी त्याने चष्मा शोधला. वेळ काढायचा असला की माणूस चष्मा शोधतो.

'समक्ष गेलो असता इसम मिळून आला नाही. शेजारी विचारपूस करता ठावठिकाणा समजला नाही. सबब वॉरंट बिनबजवणी परत.'

"तिसरं वॉरंट," मुलगी म्हणाली. "आज सकाळी बसमधून बघितलं मी त्याला. टाइल्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून दात कोरत होता. वर बोर्डावर त्याचाच हसरा फोटो. सगळ्या गावाला दिसतो, कोर्टाला तेवढा दिसत नाही."

तो म्हणजे तिचा घटस्फोटित नवरा. कोर्टाने तिला आणि सहा वर्षांच्या पोरीला पोटगी बांधून दिली होती. चार महिने आली आणि मग नळ बंद व्हावा तशी बंद झाली. मुलगी हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायची. मनगटावर भाजल्याचे चट्टे, एकाखाली एक.

"उद्या तारीख आहे. उद्याही हे असंच गेलं तर वसुलीची दरखास्त निकाली, फाइल बंद. आणि वर्षापूर्वीची थकबाकी सगळी बुडाली म्हणून समजा."

"होतं असं. धीर धर."

"पहिल्या दोन वेळेलाही हेच म्हणालात." तिने कागद उचलला. "लाँड्रीतली मावशी म्हणते, वॉरंट परत आलं की समजायचं, मधे कुणीतरी खाल्लं."

"मावशीला काय कळतंय कोर्टातलं?"

"तिचंही असंच आलं होतं परत. वीस वर्षं झाली."

कोणाचं, कधी, ते त्याने विचारलं नाही. असल्या बायका किती झाल्या, त्याला आठवत नव्हतं. न आठवणं हीच त्या नोकरीतली खरी सोय होती.

त्याचं लक्ष शेवटच्या शब्दावर अडलं होतं. बजावणी म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात पडणं. न पडता परत आला की लिहायचं 'बिनबजावणी'. पण तो सातवी शिकलेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने लिहिलं 'बिनबजवणी', आणि हेडक्लार्क म्हणाला होता, "अरे, ढोल घेऊन गेला होतास काय बजवायला?" सगळे हसले. चूक तशीच राहिली. पुढे आलेल्या प्रत्येक बेलिफाने त्याचाच मजकूर उतरवून घेतला, आणि त्याच्याबरोबर चूकही. मुलगी तिच्या आईवर गेली होती. हा शब्द मात्र थेट त्याच्यावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलीच्या आधी निघाला. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आताचा बेलीफ, बोरू, उभा होता. अक्षर सुंदर म्हणून त्याला हे नाव यानेच दिलं होतं आणि कामही यानेच शिकवलं होतं.

"भाऊ! या या. साखर चालते ना अजून?"

"माझ्या मुलीचं वॉरंट आहे ते."

"माहितीये की." बोरूने कप पुढे केला. "म्हणून तर तुमच्याकडे डोळे वर करून बघवत नाही."

"काय दिलं त्याने?"

"मोरीची फरशी. बसवूनसुद्धा दिली."

"लाज नाही वाटली?"

बोरू रागावला नाही. तेच वाईट होतं. "भाऊ, तुम्हीच शिकवलंत ना? बाईला कोपऱ्यावर उभं करायचं, म्हणायचं, तुम्हाला बघून तो पळेल. आत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. बाहेर येऊन मान हलवायची. मी काय वेगळं केलं, सांगा."

"अहवाल बदल."

"लागला तो फायलीला. आता जजबाईंपुढे जाऊन सांगा, खोटा आहे म्हणून. त्या विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक? मग काय सांगणार?" त्याने चहाचा घोट घेतला. "पेन्शन चालू आहे ना भाऊ? व्यवस्थित?"

मोठे दरोडे त्याने घातले नव्हते. चहा, रिक्षाभाडं, कधी छत्री. वह्यांच्या एका दुकानदाराचं वॉरंट तेवढं चार वेळा परत गेलं होतं, आणि मुलीला दहावीपर्यंत एक वही विकत घ्यावी लागली नव्हती. घरात सगळे म्हणायचे, बापाला शिक्षणाची कदर आहे.

साडेअकराला पुकारा झाला. मुलगी पुढे उभी राहिली. तिच्याबरोबर लाँड्रीतली मावशी आली होती, अर्धी रजा टाकून. वाळलेली, साठीची बाई, मांडीवर डबा घेऊन मागच्या बाकावर बसली. न्यायाधीश बाईंनी कागद उलटला.

"इसम मिळत नाही म्हणतात. नवीन पत्ता आहे का?"

"पत्ता तोच आहे मॅडम. दुकान तेच आहे. माणूसही तिथेच आहे."

"बेलिफाचा अहवाल आहे इथे. मी त्याच्याविरुद्ध कशी जाऊ?"

न्यायाधीश बाईंनी पेन उचललं. आता एक ओळ, की दरखास्त निकाली.

"अहवाल खोटा आहे," तो मागून म्हणाला आणि उठला.

"आपण कोण?"

"दरखास्तदाराचा बाप. याच कोर्टातून बेलीफ म्हणून रिटायर झालो."

"तुम्हाला कसं माहीत खोटा आहे?"

"मजकूर माझा आहे, मॅडम. शेवटचा शब्द बघा. 'बिनबजवणी'. तो चुकीचा आहे. ती चूक माझी. खोटा अहवाल लिहायचा असला की मी हे चार शब्द असेच लिहायचो. माझ्यानंतर सगळे बघून लिहितात."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे तुम्ही असे अहवाल दिलेत?"

"दिले."

"किती?"

तो बोलला नाही. वर पंखा फिरत होता. टायपिस्टने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि मग तेही टाइप केलं.

नवीन वॉरंट निघालं. दुसरा बेलीफ, सोबत पोलीस, आठ दिवसांत इसमाला हजर करायचं. बोरूकडे खुलासा मागितला. बापाचंही नाव वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. मुलगी जिंकली होती. बाहेर पडताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

व्हरांड्यात तो बाकावर टेकला. मुलगी खांबापाशी उभी राहिली. मावशी डबा पिशवीत घालत त्याच्यासमोर आली.

"मी मघाशीच ओळखलं तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. "मिशी काढलीत."

"आपण?"

"रिक्षाचे पैसे मीच दिले होते. कोपऱ्यावर उभं केलंत मला. ऊन होतं. तासाभराने आलात आणि म्हणालात, दाराला कुलूप आहे, बाई. मी म्हटलं, बरं."

तिने डबा पिशवीत नीट बसवला.

"तुमच्या मिशीला साय लागली होती. आमच्या घरच्या दुधाची. साय दाट यायची, मीच तापवायचे ना ते दूध." ती पिशवीचा बंद नीट करत होती. "आणि काखेत वह्यांचा गठ्ठा होता. आमच्याच दुकानातला."

मुलीची मान झटकन वळली. तिने बापाकडे बघितलं, मग मावशीकडे. मावशीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"तेव्हाच का नाही बोललात?" त्याने कसंबसं विचारलं.

"कुणाला सांगायचं? कोर्टाचा माणूस तुम्हीच होतात."

मुलगी पुढे आली. काहीतरी बोलेल म्हणून तो उठायला लागला. तिने मावशीच्या हातातली पिशवी घेतली, तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "पायऱ्या उंच आहेत, मावशी. सावकाश."

दोघी खाली उतरत गेल्या. पहिल्या वळणाला दिसल्या, दुसऱ्याला नाही. कोणीतरी पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला. तो बाकावर बसून राहिला आणि हाताच्या पाठीने वरचा ओठ पुसत राहिला, पुन्हा पुन्हा, जिथे आता काहीच नव्हतं.