आवडीची सावड

"तुझं एक मानूस धरलं," प्रयागबाई म्हणाली. "तू आमच्याकडं ये, तुझ्या लावणीला आमच्यातलं एक मानूस येईल. बाकीच्यांचं मला सांगू नको, वन्सं."

शेजारच्या राहीबाईच्या ओटीवर बसून ती सुपारी कातरत होती. बाहेर पावसानं सकाळपासून धरलं होतं आणि महाडजवळच्या सव या गावातली निम्मी खाचरं चिखलणी होऊन माणसांची वाट बघत होती. लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, कारण जो तो आपापल्या चिखलात उभा. तरणी माणसं मुंबईला. मग सावड करायची. आज तुझ्या घरची दोन माणसं माझ्या शेतात, उद्या माझ्या घरची दोन तुझ्या शेतात. माणसाला माणूस फेडायचं, एवढाच हिशेब. दुपारची भाकरी ज्याचं शेत त्यानं घालायची.

"आमच्या घरात तीन मानसं हायत, वैनी," राहीबाई म्हणाली.

"हायत गो, पन..." प्रयागबाईनं माजघराकडं पाहिलं. आत आवडी तांदूळ निवडत होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रयागबाईनं पुढचं वाक्य सुपारीबरोबर तोंडात टाकलं आणि डोक्यावर इरलं घेऊन घरी गेली.

प्रयागबाई वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. राहीबाई इस्पितळातली दोन माणसं घेऊन माहेरच्या घरात राहायला आली, तेव्हा पहिल्या दिवशी ताकाचा तांब्या पाठवला तो प्रयागबाईनंच. फक्त तो अंगणाच्या कडेला ठेवायला सांगितला होता.

राहीबाईला तरुणपणी वैधव्य आलं आणि ती वेड्यांच्या इस्पितळात आया म्हणून कामाला लागली. बायकांच्या वॉर्डात तिचं सगळं वय गेलं. ड्यूटी संपायची वेळ आली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. इथले काही पेशंट बरे झालेत, पण न्यायला कुणी येत नाही, म्हणाले. गोळ्या महाडच्या दवाखान्यात मिळतील, देखरेख तेवढी कुणीतरी करायला हवी. राहीबाईला मूलबाळ नव्हतं. सवला बापाचं घर होतं, दोन खाचरं होती. तिनं फार विचार केला नाही. कुशाबा आणि आवडी, दोघांना घेऊन ती एसटीनं महाडला उतरली.

कुशाबा मुंबईच्या गिरणीतला. तो ओटीवर निजायचा आणि त्याचा दिवस अजून पाळीनं चालायचा. कामाला लावलं की काम करी, जेवायला हाक मारली की "सुट्टी झाली" म्हणून उठे. त्याचा कुणाला त्रास नव्हता.

आवडी तुडील गावची. पहिलं मूल गेलं आणि तिच्या कानाशी कुणीतरी बोलायला लागलं. ती रानात जाऊन बसायची. सासरच्यांनी आधी देवऋषी केला, मग बांधून ठेवलं, मग इस्पितळात नेलं. ती बरी झाली, तोवर सासरी दुसरी बायको आली होती. भावानं निरोप पाठवला की, माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत, तिला आत्ता आणता येणार नाही. आता गोळ्यांनी तो आवाज लांब गेला होता, पलीकडच्या आळीत कुणी बोलावं तसा. कधी तरी ती त्याला हळूच उत्तर द्यायची. तिचं वेड म्हणावं तर एवढंच उरलं होतं.

त्या संध्याकाळी राहीबाई तिला गावच्या गरम झऱ्याच्या कुंडावर घेऊन गेली. आवडीनं पाण्यात पाय सोडले.

"मला मानसात धरत नाय का गो, बाय?"

इस्पितळात राहीबाईला हजार गोष्टी विचारल्या जायच्या. मी घरी कधी जाणार, माझं पोर कुठं आहे, दार का लावलं. तिच्याकडं सगळ्याला काही ना काही उत्तर असायचं. आज मात्र तिला इतकं वाईट वाटलं की, तिनं उगीच आवडीचा पदर नीट केला.

"उद्या चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "धरतील नायतर नाय धरतील."

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईच्या खाचरात दोघी उतरल्या. प्रयागबाईनं कपाळाला आठी घातली, पण आलेल्या हाताला कुणी परत पाठवत नाही. आवडीला तिनं अगदी टोकाला, बांधाच्या बाजूला उभं केलं. बायका वाकल्या. कुणी गाणं धरलं. आवडी गात नव्हती, पण हात तुडीलच्या शेतात शिकलेला होता. रोपांची मूठ सोडायची, दोन काड्या चिखलात खोवायच्या, पाऊल मागं घ्यायचं. इस्पितळातल्या इतक्या वर्षांत हात काही विसरला नव्हता. शेजारची बाई दोनदा तिच्याकडं बघत राहिली आणि स्वतःची ओळ चुकली.

दुपारी सगळ्या वरच्या बांधावर जेवायला बसल्या. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. प्रयागबाईनं आवडीचं पान मात्र लांब, जांभळीखाली मांडलं. तिला एकटीला बरं वाटेल, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. राहीबाई आपली भाकरी घेऊन आवडीजवळ जायला उठली, तर जांभळीखाली आवडी नव्हतीच. भाकरीवर पान पालथं घालून, वर दगड ठेवून ती परत चिखलात उतरली होती. पाठमोरी वाकलेली दिसत होती. राहीबाईच्या मनात आलं, असू दे, कामात तिचा जीव रमतोय. तिनं हाक मारली नाही.

तिनं हाक मारायला हवी होती. बायकांची भाकरी झाली, तंबाखू झाली, आणि उठून बघतात तो प्रयागबाईचं उरलेलं खाचर लावून संपलं होतं आणि पलीकडच्या भागोजीच्या खाचरातही बऱ्याच ओळी लागल्या होत्या, त्याही प्रयागबाईच्या रोपांच्या.

आता यात आवडीचा दोष किती, ते बांध बघितल्यावर कळलं असतं. भागोजी आणि प्रयागबाई यांच्या घरांत याच मधल्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. दर वर्षी चिखलणीला हा इकडून एक फावडं मारी, ती तिकडून एक मारी. दोघांनी तो बांध दोन्ही बाजूंनी इतका खाल्ला होता की, खाचर भरल्यावर तो पाण्याखाली जाई. गावच्या माणसाला तो माहीत होता. परक्या माणसाला दिसायची सोय नव्हती.

भागोजी घरातून तरातरा आला. त्याचा मुलगा मुंबईहून रजेवर यायचा होता तो आला नव्हता, त्यामुळं त्याचं खाचर हातांसाठी खोळंबलं होतं. त्यानं आपल्या शेतातल्या ओळी बघितल्या. मग बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा त्यानं प्रयागबाईकडं तोंड केलं.

"माझ्या खाचरात तुझी रोपं कोनी लावली?"

आवडी पोटरीपर्यंत चिखलात उभी होती. तिचे ओठ हलायला लागले.  प्रयागबाईनं आता 'ती वेडी आहे' एवढं म्हटलं की सगळं मिटणार होतं. भागोजी हसला असता, बायका हसल्या असत्या, आणि आवडी पुन्हा कुणाच्या शेतात उतरली नसती. राहीबाई त्या शब्दाची वाट बघत उभी राहिली.

पण समोर भागोजी होता. भागोजीसमोर आपली चूक कबूल करायची म्हणजे बांधाचं भांडण हरल्यासारखंच. प्रयागबाईनं पदर खोचला.

"सावडीचं मानूस हाय माझं," ती म्हणाली. "बांध तू खाल्लास, तिला कुठनं दिसंल? तिनं तुझ्या शेतात केलं, ते अर्ध्या दिसाचं काम हाय. तो अर्धा दिस तू फेडशील. आनि रोपं माझी मला माघारी देशील."

"देईन की. सावडबी फेडीन," भागोजी म्हणाला. "भागोजी कुनाची ठेवत नाय." आणि ओळी पुन्हा एकदा बघून परत गेला. ओळी सरळ होत्या, हे त्यालाही नाकारता आलं नसतं.

चांगुलपणानं जे झालं नव्हतं ते तंट्यानं झालं. घरी परतताना आवडीनं विचारलं, ती बाई काय म्हणाली.

"सावडीचं मानूस म्हनाली तुला."

आवडी थांबली. रस्त्यातच थांबली आणि हसली. तिचे दात किती छान आहेत, हे राहीबाईला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. राहीबाईला फार आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. भांडणात तोंडातून गेलेला शब्द कोण पाळतंय? आपल्या लावणीला कुणी आलं नाही तर आवडीला काय सांगायचं?

राहीबाईच्या लावणीचा दिवस उजाडला. कुशाबानं पहिली पाळी लागली म्हणून सगळ्यांना उठवलं आणि रोपांच्या मुठी बांधायला बसला. आवडीनं अंधारातच चूल पेटवून भाकऱ्या केल्या, वालाची आमटी केली. मग त्या तिघांनीच लावणीला सुरुवात केली. राहीबाई वाटेकडं चोरून बघत होती. आवडी उघड बघत होती, दर ओळीच्या शेवटी, कमरेवर हात ठेवून.

प्रयागबाई आली तेव्हा एकटी नव्हती. सुनेला घेऊन आली होती.

"एक तुझ्याबदली, एक हिच्याबदली," राहीबाईला एवढंच म्हणून ती चिखलात उतरली. थोड्या वेळानं भागोजीही आला. दुपारपर्यंत आहे, म्हणाला, आणि प्रयागबाईपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं लांब उभा राहिला. मधे सगळी ओळ होती. आवडी त्या ओळीच्या मधोमध होती.

जेवायची वेळ झाली तशी राहीबाई पुन्हा कासावीस झाली. आवडीच्या हातचं ही माणसं खातील का? ओटीवर तिनं स्वतः पानं मांडली. आवडीचं पान मुद्दाम प्रयागबाईच्या पानाला लागून मांडलं, म्हणजे या वेळी तिला लांब बसवायला कुणाला जागाच राहायची नाही. माणसं बसली. आवडीनं भाकऱ्या वाढल्या. प्रयागबाईनं समोरच्या भाकरीकडं क्षणभर पाहिलं, मग तुकडा मोडला.

"मीठ हाय का गो, आवडे?"

ती आवडीशी पहिल्यांदाच बोलत होती. आवडीनं मीठ आणलं आणि पानाच्या कोपऱ्यात नीट वाढलं. राहीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर घातलं.

"ये, आता तू बस," ती आवडीला म्हणाली. आवडी बसली नाही. तिनं बसावं म्हणून राहीबाई स्वतः आधी पानावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला. तरी आवडी आमटीचं भांडं घेऊन उभीच. राहीबाईला तो जांभळीखालचा दिवस आठवला. अजून हिच्या मनातून ते गेलं नाही, असं तिला वाटलं.

"बस गो, बाय माझी. कोन काय म्हनत नाय तुला."

आवडीनं तिच्याकडं पाहिलं. काही न कळणाऱ्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं.

"सावडीची मानसं जेवतायत न्हवं," ती हळू आवाजात म्हणाली. "आपन घरची. आपन मागनं जेवायचं." आणि प्रयागबाईकडं वळून तिनं विचारलं, "वैनी, आमटी घालू?"

प्रयागबाईनं पान पुढं केलं. कुशाबाची सुट्टी झालेली होती, तो जेवत राहिला. राहीबाईनं मोडलेला तुकडा भाकरीवर परत ठेवला, पानावरून उठून हात धुतले आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन ती आवडीच्या मागोमाग वाढायला लागली.