मोटारसायकलीला भिणारा भुंग्या

मी एक गावठी कुत्रा आहे, मित्रांनो. नाव भुंग्या. मुरबाडजवळच्या एका पाड्यावर रखमीकाकूंच्या अंगणात राहतो. लोक मला तापट म्हणतात. खरं सांगू? मी घाबरट आहे.

पिल्लू असताना एका मोटारसायकलीखाली माझा मागचा पाय सापडला. हाड जुळलं, पण तो आवाज कानांतून गेला नाही. लांबून फटफट ऐकू आली की मी गाडीवर धावून जायचो. गाडी पुढे निघून जायची. मला वाटायचं, मी भुंकलो म्हणूनच वाचलो.

एक दिवस शेजारचे धर्मादादा गाडीवरून येत होते. मी त्यांची पोटरी धरली. रक्त आलं.

दवाखान्यातून सुई टोचून घेऊन ते सरळ अंगणात आले. "रखमी, याला पोत्यात घाल नि भातसा धरणाच्या रानात सोड. नायतर मीच काय ते बघतो."

"थोडे दिस थांबा, दादा. तो वाईट नाय, भितो," काकू म्हणाल्या. त्यांनी मला मानेला धरून मागे ओढलं. त्या ओढण्यानं मी जास्तच भ्यालो.

गुरांच्या डॉक्टरांनी कल्याणच्या हेतलताईंना बोलावलं. कुत्र्यांना शिकवणं हेच त्यांचं काम. मला वाटलं, आता मार बसणार. मी कोपऱ्यात दबून बसलो. ताई लांब, पाठ करून बसल्या. तासभर तशाच बसून राहिल्या.

पुढे त्यांनी मला तोंडाला बांधायच्या मुसक्याची सवय लावली. मग धर्मादादांनाच म्हणाल्या, "गाडी तुम्हीच चालवा. पार शेताच्या टोकाला."

"मी? नि परत धरलं तर?"

"मुसकं आहे, दोरी आहे. तोही तुमच्याइतकाच घाबरलाय."

दादा गाडीवर बसले. मग त्यांनी किल्ली फिरवली.

आवाज आला की काकू हाक मारायच्या. वळून पाहिलं की मुसक्यातूनच सुक्या मासळीचा तुकडा मिळायचा. रोज गाडी थोडी जवळ यायची. कधी मी वळायचो, कधी भीतीनं मुतायचो. असे दोन महिने गेले.

एकदा गाडी अगदी शेजारी अचानक कडाडली. काकूंच्या हातून दोरी निसटली. दादा जागच्या जागी गोठले. मी धावलो, पण काकूंच्या पायांमागे! तिथे डोळे मिटून कापत राहिलो.

"अरे, हा तर माझ्यापेक्षा भितो रे," दादा हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी अजूनही भितो. भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी दगड उचलण्याआधी त्याला थोडी जागा देऊन बघा. धर्मादादा हल्ली आमच्या वळणावर गाडी बंद करतात आणि अंगणापुढून ढकलत नेतात.