सालीला लागून

पुढच्या खोलीत सात तुळया होत्या, मधल्या खोलीत चार. शिडीवर उभं राहून तिनं त्या दोनदा मोजल्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा घातला आणि पहिल्या तुळईला पोकळ गिरमिट लावलं. भुगा तिच्या केसांत पडत राहिला. थोड्या वेळानं गिरमिटातून पेन्सिलीएवढी कांडी बाहेर आली. झाडाची वर्षं तिच्यावर आडव्या रेघा होऊन बसली होती.

"छताची चाळणी करून जाणार का गं?" खालून काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

"अकराच भोकं, काका. बुजवून देऊ."

"पाड बाई, पाड. घरचीच आहेस. फक्त शंभराच्या वर बसव म्हणजे झालं."

सत्तावीस वर्षांत या घरात तिचं पाऊल पहिल्यांदाच पडलं होतं, आणि अर्ध्या तासात ती घरची झाली होती. बाहेरचा रस्ता रुंद व्हायचा होता. घर शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरलं तर रस्ता वळणार होता, नाहीतर घर जाणार होतं. प्रयोगशाळेत हे काम आलं तेव्हा तिनं ते मागून घेतलं होतं, आणि घर कुणाचं आहे तेही सरांना सांगितलं होतं.

"लाकडाला नातं कळत नाही," सर म्हणाले होते. "तरी दोघांनी मोजायचं, एकमेकांचे आकडे न बघता. आणि काढलेला प्रत्येक नमुना अहवालात जाईल. आवडेल तेवढाच ठेवायचा, असं चालणार नाही."

म्हणून सोबत भिंग आला होता. गळ्यात कायम भिंग अडकवून फिरतो म्हणून सहकाऱ्याला सगळे तेच म्हणत. एकेक कांडी न्याहाळत तो कुरकुरत होता.

"सगळ्या तुळया गुळगुळीत दाढी करून बसल्यात. कुठं बोटभर साल नाही. साल असती तर झाड कुठल्या महिन्यात पडलं तेसुद्धा सांगितलं असतं."

"वय किती वाटतं?" तिनं विचारलं.

"सव्वाशेच्या खाली काही येत नाही. घर अस्सल आहे बघ."

एखादी तरी तुळई कोवळी निघावी, काकांचा चेहरा आपल्यासमोर उतरावा, एवढ्यासाठी ती आली होती. काकांच्या बाजूचा निकाल तिनं स्वतःच्याच हातांनी उपसून काढला होता.

बाबा वनरक्षक होते. ती जन्मली त्या वर्षी, १९९७ साली, पावसाळा संपल्यावर त्यांच्या हद्दीतल्या सर्वांत मोठ्या सागाचा नुसता बुंधा सापडला. पावसाळ्याचा पहिला महिना बाबा दुसऱ्या गावी, इस्पितळात आईच्या उशाशी होते. आईचं बाळंतपण अडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला, असं ते सांगत राहिले. काकांनी चौकशीत साक्ष दिली, की झाड त्याआधी थंडीतच पडलं होतं, धाकट्याला करवत चालवताना आपण डोळ्यांनी पाहिलं. सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल? बाबांची नोकरी गेली. अजूनही बसमध्ये जंगलाच्या बाजूची खिडकी मिळाली, तर ते उठून जागा बदलतात.

दोन वर्षांपूर्वी तिनं त्या बुंध्याची चकती कापून आणली होती. बाहेरची वीसेक वर्षं वाळवीनं फस्त केली होती, आणि झाड कधी पडलं ते बाहेरचं शेवटचं वलयच सांगतं. थंडीत तोडलेल्या सागाचं शेवटचं वलय पुरं झालेलं असतं. पाऊस लागल्यावर पहिल्या महिन्यात तोडला, तर त्या पुऱ्या वलयाबाहेर नव्या वर्षाच्या मोठ्या छिद्रांची ओळ तेवढी उमटलेली दिसते. उरलेली चकती तिला तोंडपाठ होती. तीन बारीक वलयं, एक रुंद, पुन्हा दोन बारीक.

भिंगला पायाचे दगड दाखवायला काका त्याला अंगणात घेऊन गेले. ती सामान आवरत होती. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"झालं का गं मोजून?"

"झालं. जुनंच आहे घर."

काकूनं डावा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"जुनं आहे म्हटलं. घर वाचेल तुमचं."

"मागची खोली राहिली."

"काका म्हणाले, तिथं नुसती अडगळ आहे."

"अडगळ कसली? मी झोपते तिथं."

खोलीत एक खाट होती आणि खाटेच्या वर छताला एकच तुळई, बाकीच्यांपेक्षा जाड. काकूनं स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीलगतच्या कोपऱ्यातली कापडाची पिशवी खुंटीवरून काढली. पिशवीमागे तुळईची कड गोलसर सुटली होती. तिच्यावर तळहाताएवढी साल होती, धूळ नसलेली, पुसून ठेवल्यासारखी.

"मघाशी तो तुझ्याबरोबरचा साल साल करत होता ना? ही घे."

ती तुळईखाली जाऊन उभी राहिली.

"सुतार तासून काढणार होता," काकू म्हणाली. "मीच म्हटलं, राहू दे. कुठलं लाकूड आहे ते कुणीतरी विचारायला येईल कधीतरी."

"सत्तावीस वर्षं, काकू? तुम्ही कुणाला काहीच—"

"बोलले होते की. एकदा." काकूचा हात उजव्या कानापाशी गेला आणि खाली आला. "मग नाही बोलले."

तिनं गिरमिट उचललं, पुन्हा खाली धरलं.

"हा नमुना काढला की अहवालात जाणार. मला मागे घेता येणार नाही. चौकशी होईल, लोक दारात येतील. घराचं काय होईल तेही सांगता येत नाही."

"पुढची शिडी आण," काकू म्हणाली. "मी धरते."

गिरमिट अर्ध्यावर गेलं होतं तेव्हा काका दारात आले.

"इथं कुणी सांगितलं तुम्हाला? ए! तुला विचारतोय मी."

काकूनं उजवा कान त्यांच्याकडे केला आणि शिडी आणखी घट्ट धरली. काकांची नजर वर गेली, सालीवर थांबली. भिंग त्यांच्या मागून आत डोकावला.

"अरे वा," तो म्हणाला. "साल!"

कांडी अखंड बाहेर आली. तिनं ती खाचेच्या पट्टीत बसवली, टोकाची साल निघू नये म्हणून दोऱ्यानं बांधली आणि वर आकडा घातला. काका अजून दारातच उभे होते. शिडी घेऊन जाताना तिला म्हणावं लागलं, "काका, जरा बाजूला व्हा." ते झाले.

प्रयोगशाळेत तिनं आणि भिंगनं ती कांडी वेगवेगळ्या दिवशी घासली, वेगवेगळ्या टेबलांवर मोजली. दोघांचे कागद सरांनी शेजारी शेजारी ठेवले, आणि अहवालात पुढच्या व मधल्या खोलीच्या अकरा ओळींखाली आणखी एक ओळ घातली.

नमुना १२. मागची खोली. साग, साल शाबूत. वलये ९६. बुंध्याच्या चकतीशी जुळणी : एकच झाड. शेवटचे पूर्ण वलय १९९६. त्याबाहेर, सालीला लागून, मोठ्या छिद्रांची एक ओळ. दोन्ही मोजण्या सारख्या.