काय बाई हे ध्यान!

पाळण्यावर वाकून पेर्सिदाआत्यानं तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि नाक मुरडलं.

“थू थू थू! काय बाई हे ध्यान! बेडकीण नुसती. कुणाच्या घरी आलीस गं अशी नकटी?”

खोलीतल्या चौघीजणी खुशीत हसल्या. बाळाचं कौतुक करायचं ते असंच. ‘गोड’ हा शब्द जिभेवर आला तरी गिळून टाकायचा, नाहीतर दृष्ट लागते. आणि चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत दृष्ट लागली तर मग काही खरं नाही. दान्यूबकाठच्या या गावात शेंबड्या पोरालाही एवढं कळतं. म्हणून तर छोट्या इस्क्राच्या मनगटाला लाल दोरा होता, उशीखाली लसणाची पाकळी होती, आणि तेहतीस दिवसांत तिला एकदाही कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

बाळाची आजी दोब्रिला तबक फिरवत होती. प्रत्येकीला चमचाभर अलुबुखाराचा मुरांबा आणि वर पेलाभर गार पाणी. तबक सुनेपाशी पोचलं तसं पेर्सिदाआत्यानं विचारलं,

“आता आईनं सांगावं. काय गं नेवेना, कशी काय वाटते लेक?”

नेवेना खिडकीशी बसली होती. नदीवरचं धुकं अंगणापर्यंत आलं होतं. थोडंसं खोलीतही शिरलंय असं तिला वाटत होतं, कारण बायकांचे आवाज फार लांबून येत होते आणि समोरचा पाळणा कुणीतरी दुसऱ्याच घरात टांगावा तसा दिसत होता. तिनं पाळण्यातल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“मला ही आवडत नाही,” ती म्हणाली. “कुणीतरी घेऊन जा हिला.”

हशा असा उसळला की बाळ दचकलं.

“अगं बाई! दोब्रिला, तुझी शहरातली सून तर आपल्यालाच शिकवायला लागली की!”

“आणि चेहरा बघा, जरासुद्धा हसू नाही! मी मेली नेहमी मध्येच फिसकन हसते.”

दोब्रिलाही हसली, अगदी मान ताठ करून. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हा तिला पावही धड कापता येत नव्हता. नेवेनानं मुरांबा तोंडात घातला. तो गोड असतो हे तिला आठवत होतं, पण जिभेला काहीच कळलं नाही.

हे बोलायची तिची ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा दहाव्या दिवशी, दूध घालायला येणाऱ्या बाईपाशी. त्या बाईनं टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यांदा फोनवर, नवऱ्यापाशी. स्तोयान मालवाहू बोटीवर होता, नदीच्या उतारावर कुठंतरी, महिनाअखेरीपर्यंत यायचा नव्हता. “मला ती आवडत नाही रे,” ती म्हणाली, आणि इंजिनाच्या घरघरीतून त्याचं हसू ऐकू आलं. “शाब्बास! आई खूश असेल तुझ्यावर.” त्यावर तिनंही हो म्हटलं. काय करणार? खरं सांगायला जे शब्द लागतात ते सगळे या गावानं दृष्ट टाळायला आधीच वापरून टाकले होते.

दिवस एकमेकांत विरघळत होते. ती बाळाला पाजायची, पुसायची, थोपटायची. हात आपले आपण सगळं करायचे आणि ती छताजवळून कुठून तरी बघत राहायची. कधीकधी ती फाटकापाशी उभी असायची, पायात घरातल्या सपाता. इथवर केव्हा आलो ते आठवायचं नाही. फाटकापासून नदी दोनशे पावलांवर. धुकं असलं की पाणी कुठं सुरू होतं तेही कळत नसे, आणि तिला ते फार बरं वाटे. मग मागून दोब्रिलाची हाक यायची, “नेवेना! डोक्याला रुमाल नाही बांधलास? वारा लागेल ना!” आणि ती आत वळायची.

बाळंतिणीला चाळीस दिवस एकटं सोडायचं नाही, अशी रीत. त्या रीतीपायी दोब्रिला टेकडीवरचं आपलं घर, शेळ्या, द्राक्षांचा मळा, सगळं शेजाऱ्यांवर टाकून आली होती. चाळिसाव्या दिवशी पाद्री प्रार्थना म्हणून जाणार आणि दुसऱ्या सकाळी ती परत चढण चढणार. म्हणजे उरले सात दिवस. नंतर फाटकापाशी हाक मारायला कुणी नसणार. या विचारानं नेवेना घाबरायची. कधीकधी तर घाबरायचीही नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

बायका गेल्या. दोब्रिला लंगोट काढायला अंगणात गेली, कारण सूर्य बुडाल्यावर बाळाचं कापड दोरीवर राहता कामा नये. नेवेना पाळण्याजवळ जाऊन उभी राहिली. इस्क्रा जागी होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती.

“मला खरंच तू आवडत नाहीस गं,” नेवेना हळूच म्हणाली. “मी काय करू?”

दारात काहीतरी हललं. दोब्रिला कापडांचा ढीग छातीशी धरून उभी होती. खोलीत पाहुणी नव्हती, परकी नजर नव्हती. मग दृष्ट चुकवायची ती कुणाची? दोब्रिला हसली नाही. तिनं कपडे खाटेवर ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

अंधार पडला तरी ती पुन्हा अंगणात गेली नाही. दोरीवर एक लंगोट तसाच राहिला होता. नेवेना खिडकीतून त्या पांढऱ्या तुकड्याकडे बराच वेळ बघत होती.

सकाळी नर्स आली, रादमिला. ती बाळंतिणींच्या घरोघर फिरायची, आणि तिच्या सायकलीची घंटा गावाला पाठ झाली होती. तिनं बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली, आणि टेबलाशी बसून कागद काढला.

“आता आईची पाळी. झोप लागते?”

“लागते.”

“हसू येतं? आधीसारखं?”

“येतं.”

“स्वतःला काही करून घ्यावं, असं कधी मनात आलं?”

“नाही.”

चुलीपाशी दोब्रिला पाठमोरी कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“सिस्टर,” ती न वळता म्हणाली, “पहिल्यापासून परत विचारा.”

“का हो?”

“तिनं खरं सांगितलंय, पण ते आम्हाला. चार बायकांच्या देखत सांगितलं. आणि आम्ही काय केलं? मुरांबा खात हसलो.” ती वळली. कणकेचे हात तिनं तसेच हवेत धरले होते. “मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मीसुद्धा! स्तोयान झाला तेव्हा मी अगदी हेच म्हटलं होतं आणि माझी सासू अशीच हसली होती. पस्तीस वर्षं झाली त्याला. कुणाला बोलले नाही मी.”

 नेवेना रडायला लागली, आवाज न करता, आणि दोब्रिलानं कणकेच्याच हातांनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

रादमिलानं कागद उलटा करून ठेवला. तिला घाई नव्हती. नेवेनानं फाटकाचं सांगितलं, सपातांचं सांगितलं, धुक्याचंही. शेवटी रादमिला म्हणाली,

“हा आजार आहे, पोरी. तू वाईट आई नाहीस. पुष्कळींना होतो आणि बरा होतो. तालुक्याला याची डॉक्टर आहे, मी आत्ताच फोन करते. आजची वेळ मिळवते आणि तुमच्याबरोबर मीही येते. तोवर हिला एकटीला सोडायचं नाही.”

“चाळिसाव्यानंतरही नाही,” दोब्रिला म्हणाली. “शेळ्या काय, शेजारी बघतील.”

“पण आई, चाळीस दिवसांच्या आत फाटक ओलांडायचं नाही ना…” नेवेना म्हणाली.

“फाटक राहू दे तिथंच. आपण ओलांडू.”

मग दोब्रिलानं स्तोयानला फोन लावला. “बोट बुडाली तरी चालेल, तू घरी ये,” एवढंच बोलून तिनं तो ठेवून दिला.

दुपारच्या बससाठी तिघी निघाल्या. बाळ दोब्रिलाकडे, पिशवी नेवेनाकडे, आणि मागून सायकल ढकलत रादमिला. पेर्सिदाआत्या आपल्या फाटकात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. ती उडालीच.

“अगं दोब्रिला! अजून सहा दिवस आहेत की! वेड लागलं का तुला?” तरीही सवयीनं ती दुपट्यात वाकली. “थू थू थू, काय बाई हे—”

“पुरे,” दोब्रिला म्हणाली. “छान आहे पोरगी. छान म्हण.”

 गोंधळून आत्या नेवेनाकडे वळली. “बघ गं, तुझी सासू काय बोलते ते! तूच सांग आता.”

नेवेनानं दोब्रिलाची बाही घट्ट धरली.

“मला अजून ती आवडत नाही, आत्या,” ती म्हणाली.

आत्याच्या ओठांवर हसू आलं. तिनं दोब्रिलाकडे पाहिलं, मग नर्सकडे, मग नेवेनाच्या पायांकडे. त्या थंडीत पोरीच्या पायांत घरातल्या सपाता होत्या, आणि तिघींपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आत्याचं हसू ओठांवरच विरलं. तिनं मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या, ओणवी झाली, पायांतले आपले लोकरी बूट काढले आणि नेवेनासमोर ठेवले.

“घाल,” ती म्हणाली. मग मोज्यांवरच उभी राहून तिनं नेवेनाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि बसथांब्याकडे चालू लागली.