तळाशी अडकलेला नंबर

मी एका जुन्या वेबपानाची शेवटची ओळ आहे. मित्रांनो, माझ्यात 'मदतीसाठी फोन' एवढे दोन शब्द आणि पुढे एक नंबर आहे. पान एका डायलिसिस केंद्राचे. तिथे रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करून देतात.

मला केंद्रात फोनवर बसणाऱ्या काकूंनी लिहिले. त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर मी दिवसभर उघडी असे. तेव्हा पान वीतभर होते. वर पत्ता, मध्ये पाळ्यांचे वेळापत्रक, खाली मी. बोट एकदा सरकवले की मी हजर. मग काकूंचा फोन वाजे. हा नंबर म्हणजे आपला दरवाजा, असे त्या म्हणत.

पुढे नवा डिझायनर आला. माणूस हुशार, कामाला वाघ. आधी तो फोटोंच्या एका साइटवर होता. तिथे पानाला तळच नव्हता. सरकवत राहा, नवे फोटो येत राहतात. तेच त्याने इथे आणले आणि वेळापत्रकाखाली आरोग्यलेखांची रांग लावली. कोणी माझ्याजवळ पोचले की दहा नवे लेख उतरत आणि मला खाली ढकलत. पापणी लवेपर्यंत काय तो उजेड मिळे.

महिन्याने आकडे आले. लोक पानावर चौपट वेळ थांबत होते. केंद्र चालवणाऱ्या सरांनी डिझायनरची पाठ थोपटली. काकू एवढेच म्हणाल्या, की हल्ली फोन फार गप्प आहे.

"लोकांना सगळं पानावरच मिळतंय, काकू," तो म्हणाला.

ते वाचत नव्हते, मला शोधत होते. पण ओळीचे कोण ऐकतो?

एका सकाळी एक बोट नऊ वेळा माझ्यापर्यंत आले आणि नऊ वेळा मी बुडाले. तासाभराने त्या बोटाची बाई केंद्राच्या दारात उभी होती, सोबत धापा टाकणारे वडील. त्यांची पाळी दुपारची होती. आधी आणू का, एवढेच तिला विचारायचे होते. तो तासभर केंद्रातले एक यंत्र रिकामे पडून होते. वडील वाचले, पण पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून.

त्या पाच दिवसांत ती एकदा डिझायनरला भेटली. नंबर खाली आहे की, असे तो म्हणाला. तिने आपला फोन त्याच्या हातात ठेवला.

"दाखवा."

तो सरकवत राहिला. काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "बस बाबा. वेळ लागेल."

तो बसला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने वेळापत्रक वेगळ्या, आखूड पानावर नेले आणि नंबर दोन्ही पानांवर सर्वांत वर लावला, कितीही सरकवले तरी न हलणारा. काकूंचा फोन पुन्हा वाजू लागला. लेखांची रांग तशीच राहिली. तिथे लोक सवडीने वाचायला येतात, त्यांना ती बरी. मला तिथून काढायचे मात्र तो विसरला.

म्हणून मी अजून तळाशीच आहे. मित्रांनो, उद्या तुम्हीही पाने बांधाल. येणारा फिरायला आला आहे की दरवाजा शोधतो आहे, हे आधी विचारा. आणि त्या रांगेत कधी एक ओळ चमकून बुडाली, तर ती मी. माझ्यामागे येऊ नका. नंबर वर आहे.