आठचा फोन
आचऱ्याच्या दाजींनी तीस वर्षं बोटीवर काढली, पण एकटेपणा म्हणजे काय ते त्यांना घरी आल्यावर कळलं. बायको यशोदा गेली आणि घरात दुसरा आवाज उरला नाही. मुलगा सुदेश पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. त्याने बापासाठीही घरातल्या कॉम्प्युटरवर एक छोटासा करून दिला: आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, कुठली गोळी कधी. काम चोख, फक्त एक खोड. रोज सकाळी उघडला की तो दाजींना नव्याने विचारायचा. नाव काय? गाव कुठलं? अक्षरं केवढी हवीत?

मग दाजी आठच्या ठोक्याला फोन लावायचे. "सुदेश, तुझो ह्यो माका परत विसारलो रे!"

सुदेश वैतागत सगळं पुन्हा सांगायचा. सांगता सांगता जेवणाची, खोकल्याची चौकशी व्हायची, एखाद वेळी दोघे हसायचेही. जेमतेम दहा मिनिटं, पण तेवढ्यावर दाजींचा दिवस निघायचा. खरं तर पंधरवड्यातच त्यांना सगळं पाठ झालं होतं. पण ते पोराला कशाला सांगा!

"माझ्याकडे बरो चालता, तुमच्याकडेच कसो विसारता?" सुदेशला कोडं पडलं होतं. शेवटी एकदा त्याने विचारलं, "बाबा, तुमी तो बंद कसो करतास?"

"बंद कित्याक करूचो? तिनसांजेक प्लग ओढतंय."

शेजारच्या बाबलीच्या माडावर वीज पडली तेव्हा दाजींचा टीव्ही जळाला होता. तेव्हापासून आभाळ भरलेलं असो नाहीतर कोरडं ठणठणीत, देवापुढे दिवा लागला की घरातले सगळे प्लग बाहेर. आणि सुदेशचा प्रोग्राम दाजींनी भरलेलं सगळं जपून ठेवायचा तो फक्त नीट बंद होताना. त्या बिचाऱ्याला तेवढी उसंतच मिळत नव्हती.

"अरे देवा!" सुदेश पोट धरून हसला. रविवारी त्याने पुण्यातूनच बदल करून टाकला. आता काही लिहिलं की त्याच क्षणी जपलं जाणार, मग खुशाल प्लग ओढा.

सोमवारी दाजींनी शेवटचं सगळं भरलं. मंगळवारी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'नमस्कार दाजी, आचरा.' खाली भरतीची वेळ. विचारायला काही उरलं नव्हतं. दाजींनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. उगाच फोन करून पोराच्या कामात खोडा घालणाऱ्यांतले ते नव्हते. बुधवारही तसाच गेला. गुरुवारी मात्र राहवलं नाही.

"सुदेश, परत विसारलो रे तो."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "बाबा, माका हयसून दिसता. तेच्या सगळा लक्षात आसा." तो पुढे म्हणाला, "खोटा कित्याक सांगतास?"

दाजी ओशाळले. मग म्हणाले, "तुझो आवाज आयकाक."

सुदेश म्हणाला, "उद्यापासून मीच करतलंय फोन. आठाक. नक्की."

शुक्रवारी दाजींनी साडेसातलाच चहा आटपला, फोन पुसून जवळ ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. आठ वाजले. साडेआठ झाले, फोन वाजला नाही. पडद्यावर 'नमस्कार दाजी' तसंच होतं, खाली आठची गोळी घ्यायची आठवण. नऊ वाजता दाजींनी गोळी घेतली. मग खुर्ची मागे सरकवली आणि दिवसाढवळ्या प्लग ओढला.